नभोवाणीचा बदलता पत्ता

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे. तिच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके वसले आहेत. शहापुरातून कसाऱ्याचा घाट चढला की नाशिकचा मुलूख लागतो. मुरबाडातून माळशेजचा घाट चढला की जुन्नरचा. माहुली आणि सिद्धगड हे किल्ले याच भागातले. ज्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचे प्राचीन शिलालेख कोरलेले आहेत, त्या घाटाची कोकणाकडील चढणही मुरबाड तालुक्यातूनच सुरू होते. भात हे येथील मुख्य पीक. मोठ्या गावांपासून दूर, डोंगरांच्या कुशीत ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली लोकांचे पाडे विखुरलेले आहेत.

या मुलखाचे आणि मुंबई शहराचे नाते जुने आहे. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला मिळत आहे. पुढे भातसा नदीवरील धरणाचे पाणीही त्या शहराकडे जाऊ लागले. पाणी असे डोंगराकडून शहराकडे जाते. त्याच्या उलट दिशेने, शहराकडून डोंगराकडे, एक गोष्ट अनेक वर्षे येत राहिली. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यासाठी नळही घालावे लागत नाहीत. ती गोष्ट म्हणजे नभोवाणीचा आवाज. बातम्या, बाजारभाव, पावसाचा अंदाज, शेतकऱ्यांसाठी माहिती, भजने, नाट्यगीते आणि श्रुतिका हे सर्व त्या आवाजाबरोबर घरोघर येई. पहाटे चुलीवर चहाचे आधण ठेवावे आणि ओसरीवरच्या रेडिओचे बटण फिरवावे, हा कित्येक घरांचा नित्यक्रम होता.

मात्र हा आवाज नेहमी एकाच ठिकाणी आणि एकाच रूपात मिळत राहिला, असे नाही. कधी त्याचा पत्ता बदलला, कधी त्याच्या बोलण्याची रीत बदलली, तर कधी तो कोणासाठी बोलतो हेच बदलले. प्रत्येक बदलामागे काही कारण होते, आणि प्रत्येक बदलात कोणाचा लाभ झाला तर कोणाची गैरसोय. शहापूर आणि मुरबाड हे मुंबईच्या आवाजाच्या कडेवरचे तालुके असल्यामुळे तेथून पाहिले म्हणजे या बदलांचा अर्थ चांगला उमगतो.

प्रथम नभोवाणीचा पत्ता म्हणजे काय, ते पाहू. शांत तळ्यात खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात आणि काठापर्यंत पसरत जातात. नभोवाणी केंद्राचा प्रक्षेपक अशाच लाटा उत्पन्न करतो. पण त्या पाण्याच्या नसून विद्युत्‌चुंबकीय असतात. त्या प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर या वेगाने धावतात. एका सेकंदात अशा किती लाटा निघतात, त्या संख्येला वारंवारता म्हणतात. सेकंदाला एक लाट म्हणजे एक हर्ट्झ. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने या लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले, म्हणून या मापाला त्याचे नाव मिळाले. एक हजार हर्ट्झ म्हणजे एक किलोहर्ट्झ आणि दहा लाख हर्ट्झ म्हणजे एक मेगाहर्ट्झ.

मुंबई केंद्राची मराठी कार्यक्रमांची ‘अस्मिता वाहिनी’ ५५८ किलोहर्ट्झ या वारंवारतेवर ओळखली जाऊ लागली. याचा अर्थ, तिच्या प्रक्षेपकातून सेकंदाला ५,५८,००० लाटा निघत. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की एका लाटेची लांबी मिळते. ती सुमारे ५३८ मीटर भरते. सुमारे एकशे नव्वद मीटरांपासून सुमारे सहाशे मीटरांपर्यंत लांबीच्या लाटांना नभोवाणीत मध्यम लहरी म्हणतात. अनेक केंद्रांच्या लाटा एकाच वेळी आपल्या भोवती धावत असतात; परंतु रेडिओचा काटा ज्या आकड्यावर ठेवावा, तेवढीच लाट रेडिओ टिपून घेतो. म्हणून वारंवारता हाच नभोवाणी केंद्राचा पत्ता. टपालातील पत्त्यावरून पोस्टमन घर शोधतो, तसा या पत्त्यावरून श्रोता केंद्र शोधतो.

मध्यम लहरींचा एक मोठा गुण असा, की त्या जमिनीला धरून चालतात. वाटेत टेकडी आली तर त्या तिला वळसा घालून पलीकडे उतरतात. रात्री त्यांच्या अंगी आणखी एक सामर्थ्य येते. पृथ्वीपासून सुमारे साठ किलोमीटर आणि त्याहून उंचावर विद्युत्‌भारित कणांचे थर आहेत. दिवसा त्यांपैकी खालचा थर मध्यम लहरींना शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो विरतो, आणि मग वरच्या थरांवर आदळून या लहरी चेंडूसारख्या पुन्हा पृथ्वीकडे परततात. म्हणूनच दिवसा न लागणारी दूरदूरची केंद्रे रात्री ऐकू येतात. पण त्याचबरोबर एका केंद्राचा आवाज दुसऱ्या केंद्राच्या आवाजात मिसळून खरखरही वाढते.

भारतातील संघटित नभोवाणीचा आरंभ मुंबईतच झाला. २३ जुलै १९२७ या दिवशी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट होती आणि त्याचा आवाज सुमारे ४८ किलोमीटरपर्यंतच नीट पोहोचत असे. नकाशावर मुंबईभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर ठाणे आणि कल्याण त्यात येतात. पण शहापूर आणि मुरबाड ही गावे रेषेबाहेर राहतात. पहिल्या दिवसापासून हे तालुके असे वर्तुळाच्या किंचित पलीकडे होते.

ती कंपनी खासगी होती. रेडिओ बाळगणाऱ्याला वर्षाला दहा रुपये परवानाशुल्क भरावे लागे आणि त्या शुल्काचा मोठा वाटा कंपनीला मिळे. त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. शिवाय रेडिओही महाग होते. त्यामुळे श्रोते थोडे, म्हणून उत्पन्न थोडे; उत्पन्न थोडे, म्हणून प्रक्षेपक वाढवता येईनात; आणि प्रक्षेपक वाढले नाहीत, म्हणून नवे श्रोते मिळेनात. या फेऱ्यात सापडून १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले. त्यानंतर सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली, आणि ८ जून १९३६ पासून त्यांचा कारभार ‘ऑल इंडिया रेडिओ’ या नावाने चालू लागला. तीच आपली आकाशवाणी. केवळ पैसे भरू शकणाऱ्या श्रोत्यांवर नभोवाणी उभी राहू शकली नाही, हा या पहिल्या प्रयत्नाचा धडा होता.

स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीचा विस्तार झपाट्याने झाला. महाराष्ट्रात नागपूरचे केंद्र १९४८ मध्ये आणि पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. दीड किलोवॉटच्या जागी पुढे शंभर किलोवॉटचे प्रक्षेपक आले. मुंबईच्या मध्यम लहरींचे मोठे प्रक्षेपक मालाडजवळ आहेत. तेथून सरळ रेषेत मोजले तर शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही गावे साठेक किलोमीटरवर येतात. शंभर किलोवॉटच्या लाटेला एवढे अंतर म्हणजे काहीच नव्हे. कसारा, डोळखांब, किन्हवली, सरळगाव, धसई, टोकावडे अशा गावांतून मुंबई केंद्र स्पष्ट ऐकू येऊ लागले. सह्याद्रीच्या पलीकडून पुणे केंद्राचा आवाजही येई. ट्रान्झिस्टर आल्यावर विजेच्या तारांचीही गरज उरली नाही. दोन-चार सेलांवर चालणारा लहानसा रेडिओ भाताच्या खळ्यावर आणि गुरांमागे रानातही जाऊ लागला.

आता पत्त्याच्या बदलाकडे वळू. जगात नभोवाणी केंद्रे वाढत गेली, तशी आकाशात दाटी होऊ लागली. मध्यम लहरींचा पट्टा सर्व देशांना मिळून एकच आहे आणि रात्रीच्या लहरींना देशांच्या सीमा ठाऊक नसतात. भारताप्रमाणेच आशियातील अनेक देशांत दोन केंद्रांमध्ये दहा-दहा किलोहर्ट्झचे अंतर ठेवले जाई. युरोपातील मोजणी निराळी होती. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९७५ मध्ये जिनीव्हा येथे अनेक राष्ट्रांची परिषद भरली. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या खंडांतील मध्यम लहरींच्या केंद्रांनी एकमेकांपासून नऊ-नऊ किलोहर्ट्झ अंतरावर बसावे आणि प्रत्येकाचा आकडा नवाच्या पाढ्यातला असावा, असे तेथे ठरले. ५३१ पासून १६०२ पर्यंत नऊ-नऊच्या अंतराने मोजत गेले की बरोबर १२० जागा होतात. दहाचे अंतर ठेवले असते तर तेवढ्याच पट्ट्यात सुमारे १०८ जागा मावल्या असत्या. प्रत्येकाने थोडे सरकून बसल्यामुळे बाकावर आणखी काही जणांना जागा झाली, असाच हा प्रकार.

ही योजना २३ नोव्हेंबर १९७८ रोजी अमलात आली. त्यानंतर महाराष्ट्रातील केंद्रांचे जे आकडे श्रोत्यांच्या तोंडी बसले, ते पाहण्यासारखे आहेत. मुंबईचे ५५८ आणि १०४४, नागपूरचा ५८५, पुण्याचा ७९२, जळगावचा ९६३, रत्नागिरीचा ११४३, सांगलीचा १२५१. यांपैकी कोणत्याही आकड्यातील अंकांची बेरीज करावी. ती ९ किंवा १८ येते. म्हणजे प्रत्येक आकड्याला नवाने निःशेष भाग जातो. ५५८ म्हणजे नऊ गुणिले बासष्ट आणि ७९२ म्हणजे नऊ गुणिले अठ्ठ्याऐंशी. ज्यांनी हे आकडे निवेदकांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकले, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल, की आपल्या केंद्राचा पत्ता जिनीव्हा येथे ठरलेल्या नवाच्या पाढ्याला जुळवलेला आहे.

हा बदल सर्वांच्या हिताचा होता. तरीही अशा प्रत्येक बदलात श्रोत्याला थोडे कष्ट पडतातच. अनेक घरांत रेडिओच्या पट्टीवर नेहमीच्या केंद्राजवळ खूण केलेली असे. ज्याला वाचता येत नाही, त्याचा तर सारा भरवसा त्या खुणेवर. काटा खुणेवर असूनही आवाज येत नाही, म्हणजे रेडिओ बिघडला, असाच त्याचा समज होणार. केंद्राच्या दृष्टीने आकडा थोडासा सरकतो. पण ज्याला कोणी सांगितले नाही, त्याच्या दृष्टीने केंद्रच नाहीसे होते. म्हणून पत्ता बदलण्यापूर्वी तो पुन्हापुन्हा सांगणे हे केंद्राचे कर्तव्य ठरते.

पत्त्याप्रमाणेच केंद्राच्या बोलण्याची रीतही बदलत आली आहे. केंद्र काय ऐकवते, किती वेळ आणि कोणत्या ढंगाने, यालाच कार्यक्रमांचा ढाचा म्हणता येईल. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. लोकांनी अभिजात संगीत ऐकावे, अशी त्यांची तळमळ होती. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. परंतु श्रोत्याच्या हाती काटा असतो, आणि तो त्याने फिरवला. सुमारे दीड हजार किलोमीटरवरील कोलंबोहून रेडिओ सिलोन लघुलहरींवर हिंदी चित्रपटगीते ऐकवत असे. लघुलहरी आकाशातील थरांवरून परतून दूरदूरच्या देशांत उतरतात; त्यामुळे कोलंबोची गाणी भारतभर ऐकू येत. १९५२ पासून तेथून लागणारा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम तर घरोघर पोहोचला. त्याचे निवेदक अमीन सयानी मुंबईचेच. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तेथून लहरींवर बसून तोच आवाज पुन्हा भारतात येई!

आकाशवाणीने यातून बोध घेतला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ ही मनोरंजनाची नवी सेवा सुरू झाली आणि चित्रपटगीते सन्मानाने घरी परतली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विविध भारतीवरून जाहिरातीही ऐकू येऊ लागल्या. जाहिरात आली म्हणजे नभोवाणीच्या दारात एक तिसरा पाहुणा आला. तोवर बोलणारा आणि ऐकणारा असे दोघेच होते. आता ऐकणाऱ्याला काही विकू पाहणारा व्यापारीही त्यांच्यात येऊन बसला. त्याच्या पैशाने कार्यक्रमांचा खर्च सुटला, हा लाभ झाला. पण त्याबरोबरच, हा श्रोता वस्तू विकत घेईल काय, असा प्रश्नही नभोवाणीच्या विचारात शिरला.

श्रोत्याकडे गिऱ्हाईक म्हणून न पाहता सहकारी म्हणून पाहणारा एक प्रयोगही महाराष्ट्राच्या भूमीवर झाला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने ‘रेडिओ ग्रामीण मंच’ हा उपक्रम हाती घेतला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकऱ्यांचा एक गट रेडिओभोवती जमे. शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम तो ऐके आणि नंतर त्यावर चर्चा करी. त्या चर्चेतील प्रश्न पत्राने पुणे केंद्राला कळवले जात, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या मंचांची. पण मराठी गावांत ती उत्तम रुजली. ज्या गावांत मंच होते, त्यांची माहिती आणि उत्साह मंच नसलेल्या गावांपेक्षा पुष्कळ वाढल्याचे पाहणीत दिसून आले. १९५९ पासून हा उपक्रम देशभर नेण्यात आला. रेडिओ एकाच दिशेने बोलतो, ही समजूत या मंचांनी खोटी ठरवली.

यानंतरचा मोठा बदल एफ. एम. प्रक्षेपणाचा. भारतात ते २३ जुलै १९७७ रोजी मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे सुरू झाले. मध्यम लहरींत आवाजाप्रमाणे लाटेची उंची बदलते, तर एफ. एम. मध्ये लाटेची वारंवारता किंचित बदलते. विजेच्या कडकडाटाने किंवा यंत्रांच्या ठिणग्यांनी लाटेच्या उंचीत गडबड होते, वारंवारतेत फारशी होत नाही, म्हणून एफ. एम. वरचा आवाज स्वच्छ आणि खरखरविरहित असतो. या लहरी फार आखूड असतात. मुंबईत विविध भारती पुढे १०२.८ मेगाहर्ट्झवर ऐकू येऊ लागली. या लाटेची लांबी तीन मीटरही भरत नाही. आखूड लाट जवळजवळ सरळ रेषेत धावते. तिला डोंगराला वळसा घालणे साधत नाही आणि वरच्या थरांवरून ती परतही येत नाही.

शहापूर आणि मुरबाड यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. मैदानातील गावात किंवा टेकडीच्या माथ्यावर मुंबईचे एफ. एम. केंद्र लागू शकते. पण माहुलीच्या डोंगराआडच्या खोलगट पाड्यात, किंवा सिद्धगडाच्या पायथ्याच्या दरीत, तेच केंद्र क्षीण होते किंवा मुळीच लागत नाही. जिथे ५३८ मीटर लांबीची लाट सहज उतरत असे, तिथे तीन मीटरांची लाट अडून राहते. शहरातील माणसाला या बदलात अधिक सुरेल आवाज मिळाला, तर डोंगराआडच्या माणसाच्या वाट्याला शांतता आली.

एफ. एम. बरोबर बाजारही आला. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफ. एम. प्रक्षेपणातील काही वेळ खासगी संस्थांना भाड्याने देण्यास आरंभ केला. ३ जुलै २००१ रोजी बंगळूर येथे पहिले खासगी एफ. एम. केंद्र सुरू झाले आणि २००२ मध्ये मुंबईतही अशी केंद्रे निघाली. सरकारकडून लिलावात मिळणारा परवाना एकेका शहरासाठी असतो. पहिल्या फेरीत परवान्याची ठोक रक्कम दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढत असे. हा भार अनेकांना पेलला नाही आणि मुंबईतील एक केंद्र बंदही पडले. २००५ मध्ये धोरण बदलले, आणि वाढत्या ठोक रकमेऐवजी उत्पन्नाचा चार टक्के वाटा सरकारने घ्यावा असे ठरले. दोन केंद्रांत ०.८ मेगाहर्ट्झ अंतर ठेवून ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी आकड्यांची मांडणी आली. मुंबईत ‘गो ९२.५’ या नावाने निघालेले केंद्र पुढे ‘रेडिओ वन’ झाले आणि ९४.३ वर गेले. हिंदी चित्रपटगीते ऐकवणाऱ्या याच केंद्राने २०१३ मध्ये इंग्रजी गाण्यांचा मार्ग धरला. नाव, पत्ता आणि बोलण्याची रीत या तिन्ही गोष्टी बदलूनही केंद्र तेच राहू शकते, याचे हे चांगले उदाहरण.

असे बदल होण्याचे कारण साधे आहे. खासगी केंद्राचा सारा खर्च जाहिरातींवर चालतो. एकाच शहरात अनेक केंद्रे तीच गाणी वाजवू लागली, तर जाहिरातदारांचे पैसे त्यांच्यात वाटले जातात. म्हणून एखादे केंद्र वेगळा श्रोतृवर्ग शोधते. कोणी जुनी गाणी धरतो, कोणी नवी, कोणी इंग्रजी. यात गैर काही नाही. दुकानदारही गिऱ्हाईक पाहूनच माल ठेवतो. परंतु ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत आणि ज्याचे घर शहराच्या वेशीबाहेर आहे, असा श्रोता या हिशेबात सहसा येत नाही. मुंबईच्या परवान्यावर चालणारे केंद्र मुंबईच्या रस्त्यांवरील वाहनांच्या कोंडीबद्दल बोलेल; डोळखांबच्या भातावर पडलेल्या रोगाबद्दल किंवा म्हशाच्या जत्रेतील गुरांच्या बाजाराबद्दल ते कशाला बोलेल?

दुसरीकडे, मध्यम लहरींचा काळ ओसरत चालला आहे. शंभर किलोवॉटचा प्रक्षेपक तासाला शंभर युनिटांहून अधिक वीज घेतो. त्याच्या मनोऱ्यांना विस्तीर्ण जमीन लागते आणि जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. या कारणांनी गेल्या काही वर्षांत देशातील मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद करण्यात आले. आकाशवाणीचे कार्यक्रम आता मोबाइलवरही ऐकता येतात, आणि ज्याच्याजवळ तशी सोय आहे त्याला मुंबई, पुणे, नागपूर, कोणतेही केंद्र कोठूनही ऐकता येते. हा लाभ लहान नाही. मात्र मोबाइलसाठी जवळपास मनोरा हवा, त्या मनोऱ्याला वीज हवी आणि ऐकणाऱ्याजवळ पैसे हवेत. श्रावणातल्या वादळी रात्री ओढे भरून वाहू लागले, वीज गेली आणि मनोरा बंद पडला, म्हणजे पाड्यावरील माणसाला दोन सेलांचा रेडिओच आठवतो. नदीकाठी थांबावे की वर जावे, हे सांगणारा आवाज त्या वेळी पोहोचणे, ही करमणुकीची गोष्ट नसून जिवाची गोष्ट असते.

या लहरी मग कोणाच्या? कंपनीच्या, सरकारच्या, की ऐकणाऱ्यांच्या? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर दिले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या न्यायपीठावर होते. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठीच झाला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये लोकांमध्ये काम करणाऱ्या नफा न कमावणाऱ्या संस्थांना स्वतःची लहान केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. यांना समुदाय नभोवाणी म्हणतात. अशा केंद्राची शक्ती साधारणतः १०० वॉटपर्यंत, म्हणजे मुंबईच्या मोठ्या प्रक्षेपकाच्या हजाराव्या हिश्शाएवढी असते. त्याचा आवाज दहा-बारा किलोमीटरच जातो. पण त्यावरील निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनीच तयार केले पाहिजेत, असा नियम आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड या दुष्काळी गावी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे असे केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर २००८ पासून चालू झाले. तेथे गावातल्या स्त्रिया, शेतकरी आणि मुले आपल्या माणदेशी बोलीत बोलतात आणि गातात.

मोठ्या लाटेला डोंगर ओलांडता येतो; लहान लाटेला तो अडवतो. पण लहान लाट जर डोंगराच्या याच बाजूला उत्पन्न झाली, तर डोंगर ओलांडण्याची गरजच उरत नाही. ज्या गुणामुळे मुंबईचे एफ. एम. दरीत उतरत नाही, त्याच गुणामुळे दरीतील लहान केंद्राचा आवाज दुसऱ्या दरीतील केंद्राला त्रास देत नाही. एकच आकडा दोन खोऱ्यांत दोन निराळ्या गावांना वापरता येतो. शहापूर आणि मुरबाडच्या खोऱ्यांत ठाकरी बोलीतली गाणी, कातकऱ्यांच्या गोष्टी, भाताच्या रोपांची काळजी, बाजाराचे भाव आणि पुराची सूचना हे सर्व तिथल्याच माणसांच्या तोंडून ऐकवणारी केंद्रे निघणे, यात शास्त्राची कोणतीही अडचण नाही.

नभोवाणीचा पत्ता पुढेही बदलेल. यंत्रे बदलतील, आकडे बदलतील, गाण्यांची आवडही बदलेल. प्रत्येक बदलाच्या वेळी अभियंता विजेचा हिशेब करील आणि व्यापारी नफ्याचा. त्या दोन हिशेबांबरोबर तिसराही हिशेब मांडला गेला पाहिजे. काल ज्या ओसरीवर हा आवाज ऐकू येत होता, तेथे तो उद्याही ऐकू येईल काय? १९२७ च्या वर्तुळाबाहेर राहिलेली गावे शंभर किलोवॉटच्या लाटेने आत घेतली होती. ती पुन्हा बाहेर पडू नयेत, एवढे पाहणे हे सार्वजनिक मालमत्ता सांभाळणाऱ्या सर्वांचे काम आहे.